कात्रजची माती आणि लेझर यंत्राची निवड
नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. या पाण्याचा इतिहास पुणेकरांना तोंडपाठ आहे. ते ज्या उतारांवरून तलावात उतरते, त्यांचा मात्र कुणी फारसा लिहिलेला नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गवत आणि खुरटी झुडपे असत, पायथ्याला बाजरी-ज्वारी. पुढे गिरीपुष्पासारखी लावलेली झाडे आली. कुठल्या उतारावर काय होते, याचा पुरावा मातीतल्या कार्बनमध्ये थोडाफार उरतो. ज्वारी, बाजरी आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते यांच्यात कार्बन-13चे प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा हजारी सुमारे 12ने कमी असते, झाडाझुडपांत सुमारे 27ने. सूक्ष्मजीव हा पालापाचोळा पचवून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तेव्हा ती खूण वायूतही उतरते.

हजारी 15चा फरक ओळखायला दशांशाची अचूकता लागत नाही. म्हणून माहितीपत्रकातल्या अचूकतेच्या आकड्यावर भाळून ही खूण मोजणारे यंत्र घेणे मला चुकीचे वाटते. बारकाव्यात मास स्पेक्ट्रोमीटर आजही सरस आहे, पण त्यासाठी बाटलीबंद नमुने प्रयोगशाळेत न्यावे लागतात. आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश किती वेळात विझतो, हे मोजण्याची लेझर पद्धत ओकीफ आणि डीकन यांनी 1988मध्ये मांडली. तिच्यावरची यंत्रे शेतात सलग वाचने देतात. अडचण वेगळीच आहे. यांतली बरीच यंत्रे बाहेरच्या हवेसाठी, म्हणजे दशलक्षात चारशेच्या आसपास कार्बन डायऑक्साइडसाठी जुळवलेली असतात, आणि पावसाळी मातीत तो एक टक्क्यावरही जातो. तेव्हा मोजपट्टीचा आवाका आधी पाहावा, नाहीतर कार्बन डायऑक्साइडरहित हवेने नमुना पातळ करण्याची सोय हवी. तलावकाठच्या चिखलातला मिथेन आणि बाष्पही काही यंत्रांचे वाचन बिघडवतात. शिवाय उतारावरचा मुरूम उथळ. पंपाने जोरात ओढले की वरची हवाच आत येते.

यावर रास्त आक्षेप असा, की हा वायू बहुतांशी यंदाच्या मुळांचा, पेशवाईतल्या गवताचा नव्हे. खरे आहे. म्हणून मुळे चाळून काढलेली, निरनिराळ्या खोलींवरची माती बंद बरणीत ठेवून तिचा वायू मोजायचा. शेतातल्या वाचनातून मात्र विसरणामुळे येणारा हजारी 4.4पर्यंतचा फरक वजा करावा लागतो. मग तलावाचा गाळच का तपासू नये? गाळात सगळ्या उतारांची माती मिसळते, एकेकट्या उताराचा हिशेब लागत नाही. कार्बन कधीचा, हे मात्र हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी कार्बन-14 मोजणारी वेगळी व्यवस्था लागते. आणि काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतील, तर त्यांतून सुटणारा कार्बन आधी वेगळा काढावा लागेल.