वऱ्हाडातील जुनी शस्त्रे आणि त्यांची नावे : ‘फिरंग’ या शब्दाच्या निमित्ताने

जुन्या शस्त्रांचा अभ्यास आपल्याकडे दोन निरनिराळ्या वाटांनी झाला आहे. एका वाटेने बखरी, पत्रे व कोश यांतील शस्त्रांची नावे वेचली गेली. दुसऱ्या वाटेने संग्रहालयांत व घरोघर उरलेली शस्त्रे मोजली आणि वर्णिली गेली. या वाटा क्वचितच एकमेकींस मिळतात. शिवकालीन राजव्यवहारकोशात शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग आहे. धोप, खांडा, पट्टा, फिरंग, समशेर ही नावे जुन्या लेखनातून परिचयाची आहेत. परंतु समोर ठेवलेल्या अमुक एका शस्त्रास ते बाळगणारे यांपैकी कोणते नाव देत होते, हे बहुधा अनुमानानेच ठरवावे लागते. विल्ब्रॅहम एगर्टन यांनी १८८० साली हिंदी शस्त्रांची सचित्र सूची प्रसिद्ध केली. अशा सूचींतून संग्राहकांत जी नावे रूढ झाली, ती शस्त्र वापरणाऱ्यांच्या तोंडची असतीलच असे नाही. म्हणून ज्या शस्त्रावर त्याच्या जातीचे नावच लिहिलेले आहे, ते अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष मोलाचे ठरते.

असे एक शस्त्र एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात विक्रीस आले. महाराष्ट्र शासनाने ते सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळविले व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईस आणले. ही तलवार सरळ, एकधारी असून तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे. मुठीवर कोफ्तगारी, म्हणजे लोखंडावर सोने ठोकून बसविलेली नक्षी आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याने लिहिलेला देवनागरी लेख आहे. त्यात ‘श्रीमंत’ हे आदरपद, ‘राघोजी भोसले’ हे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हे पद आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द, एवढेच आहे.

यांपैकी नावाची व पदाची चर्चा पुष्कळ झाली. शेवटच्या शब्दाकडे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. युरोपातील फ्रँक लोकांच्या नावावरून अरबीत ‘इफ्रंज’ व फारसीत ‘फरंग’ ही रूपे झाली, आणि त्याच परंपरेतून मराठीत ‘फिरंग’ आले. ‘फिरंगी’ म्हणजे युरोपीय, विशेषतः पोर्तुगीज मनुष्य. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात ‘फिरंगरोग’ वर्णिला आहे. आणि परदेशी पात्याची तलवार ती ‘फिरंग’. तलवारीच्या अर्थी हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘तरवार’ या शब्दाचे लिंग त्याने स्वीकारले असावे. खांडा किंवा पट्टा म्हटले की विशिष्ट आकार डोळ्यांपुढे येतो; फिरंग हे नाव मात्र मुळात उगमावरून पडले. पुढे परदेशी धाटणीवर घडविलेली देशी पातीही याच नावाने ओळखली गेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पात्यावरील ठसाही निर्णायक नव्हे. जेनोआच्या पात्यांवरील दातेरी चंद्रकोरींची जोडी हिंदी कारागिरांनी अनेकदा उतरविली आहे.

लेखातील नावासंबंधीही दोन गोष्टी नोंदविणे अवश्य आहे. छापील इतिहासग्रंथांत बहुधा ‘रघूजी’ असे रूप येते. तलवारीवर ‘राघोजी’ आहे. पहिले रूप ‘रघु’ या शब्दाशी, तर दुसरे ‘राघव’पासून आलेल्या ‘राघो’शी जोडलेले आहे. व्यक्तिनामाच्या दोन्ही रूपांची नोंद न करणाऱ्या सूचीत अशी वस्तू सहज हरवते. दुसरी गोष्ट अशी की, शासनाच्या घोषणेत ही तलवार पहिल्या रघूजींची म्हणून सांगितली गेली. ते १७५५ साली वारले. परंतु त्यांचे नातू दुसरे रघूजी १८१६ पर्यंत हयात होते, आणि सेनासाहेबसुभा हे पद त्यांच्याकडेही होते. अर्थात लेख आपणास घराण्यापर्यंत नेऊन सोडतो. पिढी ठरविण्यास मुठीची घडण, नक्षी आणि अक्षरांचे वळण यांचीच साक्ष काढावी लागेल.

वाशीमच्या परिसरास हा प्रश्न परका नाही. अठराव्या शतकात वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दोअमली कारभार होता. वाशीमचे बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू हे भोसल्यांच्याच पदरचे. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरचा हक्क भोसल्यांनी सोडला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. राजवटी बदलल्या, तशी शस्त्रेही हातोहात गेली. तलवारीचे पाते मुठीत लाखेने वा राळेने बसविलेले असले, तर तो सांधा उकलून जुन्या मुठीत नवे पाते बसविणे कठीण नसते. इंग्रज घोडदळाच्या १७९६ च्या नमुन्याची पाती हिंदी मुठींत बसविलेली आढळतात, ती अशीच. त्यामुळे फारसी अक्षरे दिसली म्हणून तलवार निजामशाहीतील, देवनागरी दिसली म्हणून भोसल्यांकडील, असा निवाडा येथे करता येत नाही. पाते, मूठ आणि लेख हे तीन स्वतंत्र साक्षीदार समजून प्रत्येकाची जबानी वेगळी घेतली पाहिजे.

ही दक्षता न घेतल्यास काय घडते, याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी दसऱ्यास वाशीमजवळच्या एका घरी शस्त्रपूजेतील तलवार पाहण्याचा योग आला. पाते लांब व सरळ, त्यावर दोन पन्हळी; पाठीवर मुठीलगत सोन्याच्या अक्षरांच्या खुणा, आणि त्यांतून वाचता येण्याजोगी ‘रंग’ एवढीच दोन अक्षरे. घरच्यांच्या मते ते श्रीरंग नावाच्या पूर्वजाचे नाव. तलवारीस चकाकी यावी म्हणून आदल्या वर्षी तिला तेजाब लावविला होता, त्यात पुढची अक्षरे गेली. मीही त्या वेळी ‘श्रीरंग’ असेच टिपून घेतले. पात्याचे मोजमाप घेतले नाही, छायाचित्रही काढले नाही. लंडनच्या तलवारीवरील लेख वाचनात आला तेव्हा प्रथम ‘फिरंग’ हे वाचन सुचले. आता दोन्ही वाचने सारखीच संभवनीय राहिली आहेत. एका वाचनाने एका कुटुंबास पूर्वज मिळतो, दुसऱ्याने वऱ्हाडी शब्दाच्या इतिहासास एक पुरावा मिळतो. त्यांत निवड करू शकणारे अक्षर मात्र उरले नाही. दोष केवळ तेजाबाचा नाही. माझ्या टिपणाचाही आहे.

म्हणून विभागातील विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. दसऱ्यास आपापल्या गावी शस्त्रे पूजेस निघतात, तेव्हा प्रत्येक शस्त्राचे पात्याची लांबी, रुंदी, पाठीची जाडी, पन्हळींची संख्या व ठसे असे टिपण करावे. अक्षरांवर तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्यावे आणि दिसतात तेवढीच अक्षरे उतरावीत. गाळलेली जागा मनाने भरू नये. घरातील वृद्ध माणसे त्या शस्त्रास व त्याच्या भागांस कोणते शब्द वापरतात, ते त्यांच्याच उच्चारात लिहावे. घासू नये, तेजाब लावू नये, हे घरच्यांस आदराने सांगावे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही, हेही त्यांच्या कानावर घालावे.

लंडनहून परत आलेल्या तलवारीवरील शब्द वाचता आला, कारण तो कोणी खरवडला नव्हता. आपल्या घरांतील शब्द अजून किती उरले आहेत, हे पाहण्यास लंडनला जावे लागत नाही.