पांढऱ्या भाताचा धडा

‘चौरस आहार घ्यावा’ हे वाक्य आपण वर्गात इतक्यांदा सांगतो, की मुलांना ते पाठच असते. पण एखादी सवय आरोग्याला चांगली की वाईट, हे ठरवायचे कसे? बेरीबेरी या रोगाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या रोगात पाय बधिर होतात, चालणे अवघड होते, काहींच्या अंगावर सूज येते आणि शेवटी हृदय बंद पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानच्या आरमारात त्याने कहर मांडला होता. खलाशांचे मुख्य अन्न होते पांढरा भात. १८८३ साली ‘ऱ्यूजो’ हे जहाज लांबच्या सफरीवरून परतले, तेव्हा ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला होता आणि २५ जण दगावले होते. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना आहाराचा संशय होता. त्यांच्या आग्रहावरून १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे दुसरे जहाज त्याच मार्गाने गेले. फक्त भात कमी करून मांस, दूध, पाव दिला गेला. या वेळी मोजकेच लोक आजारी पडले, मृत्यू एकही नाही!

ताकाकींना वाटले, भातात प्रथिने कमी म्हणून रोग होतो. हे कारण चुकीचे होते, उपाय मात्र बरोबर होता. लष्करातल्या डॉक्टरांना तो पटला नाही. पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांमुळे तेव्हा प्रत्येक रोगामागे जंतू शोधला जात होता. सैनिकांना पांढरा भातच मिळत राहिला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात सुमारे २७ हजार जपानी सैनिक बेरीबेरीने मेले.

जंतूच शोधायला डच डॉक्टर आइकमन जावा बेटावर, बटाव्हियाला (आजचे जाकार्ता) गेले होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने तो देणे बंद केले. मग आइकमननी मुद्दाम प्रयोग केले. पांढऱ्या भाताने कोंबड्या आजारी पडत, तांदळाचा कोंडा दिला की बऱ्या होत. पण आइकमनना वाटले, भातात विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. १९०१ साली त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी खरा अर्थ लावला: विष नाहीच, अन्नात काहीतरी कमी आहे. काहीतरी शरीरात शिरल्यामुळे जसा रोग होतो, तसा काहीतरी न मिळाल्यामुळेही होतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. ते ‘काहीतरी’ म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. १९२६ साली जान्सेन आणि डोनाथ यांनी बटाव्हियातच ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आइकमनना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पिष्टमय पदार्थांतून ऊर्जा मिळवायला शरीराला थायमिन लागते. ते कमी पडले की सतत ऊर्जा लागणाऱ्या मज्जातंतूंना आणि हृदयाला आधी फटका बसतो. शरीरातला साठा जेमतेम काही आठवडे पुरतो, म्हणून ते आहारातून नियमित मिळायला हवे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहू. हातसडीच्या तांदळात कोंड्याचा बराच भाग टिकतो. कोकणात आणि गोव्यात खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळात, भात सडण्याआधीच उकडल्याने थायमिन दाण्याच्या आत मुरते. ते पाण्यात विरघळते, त्यामुळे तांदूळ फार वेळा धुतला किंवा वेळून पेज ओतून दिली तर ते वाया जाते. पेज पिण्याची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची आहे. डाळी-उसळींमधूनही थायमिन मिळते.

आरोग्याचा पाठ घेताना ही दोन जहाजे फळ्यावर मांडावीत आणि विचारावे: दोन्ही सफरींत काय सारखे होते, काय वेगळे? मार्गही बदलला असता तर निष्कर्ष काढता आला असता का? याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले, तर चौरस आहाराचे वाक्य नुसते पाठ राहणार नाही.