तंजावरी तलवारीच्या परीक्षेविषयी तळटीप
१. चोळपुरम् व कुंभकोणम् हा मुलूख ज्यांच्या अमलाखाली होता, त्या तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाल्यावर सिलेखान्यातील पुष्कळशी शस्त्रे मोडीत निघाली आणि निवडक तेवढी मद्रासच्या सरकारी संग्रहालयात पोहोचली. ग्रंथकर्त्याने येथे सरसकट ‘तंजावरी’ म्हटलेल्या तलवारीची पारख करताना मूठ व पाते यांचा विचार पृथक् केला पाहिजे. कारण मूठ देशी असली तरी पाते फिरंगी असणे त्या दरबारी नित्याचेच होते. पात्यावरील धावत्या लांडग्याचे चिन्ह मूळचे पासाउचे, परंतु झोलिंगेनच्या कारागिरांनी त्याची नक्कल सर्रास केली. आंद्रेआ फेरारा हे नाव तर इतक्या पात्यांवर कोरलेले आढळते की, पुरावा म्हणून त्याचे मोल जवळजवळ शून्य आहे. जपानी लोहार आपले नाव मुठीत दडणाऱ्या पात्याच्या शेपटावर कोरतो, आणि त्यावरील गंज वयाचा साक्षीदार असल्याने जाणकार तो कदापि घासत नाहीत. आमच्याकडे हे शेपूट राळेने मुठीत पक्के केलेले असते. सबब मूठ मागाहून बदलली काय, हे सांध्यापाशीच शोधावे लागते, तेही मूठ न उखडता. जौहरदार देशी पात्याची अवस्था पाहताना प्रथम पृष्ठभागावरील लहरी तपासाव्यात. हौशी मंडळी विटेच्या भुकटीने पाते घासून त्याच नाहीशा करतात आणि तलवार लख्ख झाली म्हणून वर समाधानही मानतात!