तेरड्याचा रंग किती दिवस?

नव्याची नवलाई ओसरली, जोरात सुरू झालेला उपक्रम आठवड्यात थंडावला, की मराठी माणूस एक म्हण सुनावतो : तेरड्याचा रंग तीन दिवस. भाद्रपदात बांधांवर, ओढ्यांच्या काठी फुलणारा हा तेरडा. अनेक घरांत त्याचीच मुळांसकट उपटलेली रोपे गौर म्हणून येतात. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन, तिसऱ्या दिवशी विसर्जन. तोवर फुले मलूल झालेली असतात. म्हणीने नोंदवलेले निरीक्षण चुकीचे नाही.

परंतु याच वनस्पतीचा रंग कोरियात टिकाऊपणाची खूण मानला जातो. तिथे तो फुलावर पाहत नाहीत, नखावर पाहतात. घरच्या घरी नखे सजवण्याच्या पूर्व आशियातील एका अत्यंत जुन्या रीतीचा, आणि ती रीत जपणाऱ्या मुलींचा, हा इतिहास आहे.

कोरियन भाषेत तेरड्याला 'बोंगसॉनह्वा' म्हणतात, बोलीत 'बोंगसुंगा'. दक्षिण आशियातली ही वनस्पती चीनमार्गे तिकडे पोहोचली आणि घराच्या कुंपणालगत, सोयाबीनच्या मसाल्यांचे मोठे रांजण ठेवतात त्या ओट्याशेजारी स्थिरावली. तिच्या वासाने साप जवळ येत नाहीत अशी समजूत होती. 'सापाला मज्जाव करणारे फूल' असेही तिचे एक नाव आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुले आली, की मुली पाकळ्या आणि पाने खुडतात, थोडी सुकू देतात, मग चिमूटभर तुरटी घालून दगडावर कुटतात. तुरटी नसेल तर मीठ. हा लगदा नखावर थापायचा, त्यावर तेरड्याचे किंवा एरंडाचे पान गुंडाळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तसेच झोपी जायचे. पुष्कळ जणी फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट रंगवतात. सकाळी पान सोडले की नख नारिंगी दिसते. हीच क्रिया दोन-तीनदा केली की ते गडद लाल होते. भोवतालची कातडी रंगू नये म्हणून आजकाल नखाच्या कडेने आधी व्हॅसलीन लावतात. या सजावटीला लागणारी सामग्री एवढीच.

लाल रंग येतो तो लाल पाकळीमुळे, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हिरवी पानेही तेच काम करतात. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असते तेच, आणि त्याचे एक जवळचे भावंड, तेरड्यातही सापडते. ते नखातल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटते. नखावर थर देत नाही, नखच रंगवते. म्हणून हा रंग पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, खरवडूनही निघत नाही. तो जातो एकाच मार्गाने : नख वाढते आणि रंगलेला भाग कापला जातो. मराठी घरांत बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या घालतात, तेव्हा नखांवर महिनोन्महिने राहणारा रंग हाच. मेंदी हाताशी असल्यावर तेरड्याकडे या कामासाठी पाहण्याची गरज इथे बहुधा फारशी पडली नसावी.

कोरियातली प्रसिद्ध समजूत अशी, की उन्हाळ्यात रंगवलेल्या नखावर पहिले हिम पडेपर्यंत रंग शिल्लक राहिला, तर पहिले प्रेम सफल होते. ही समजूत हिशेबाने अगदी नेमकी आहे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. सोलमध्ये पहिले हिम बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पडते. ऑगस्टमध्ये नखे रंगवली, तर तोवर तळाकडून ९-१० मिलिमीटर कोरे नख आलेले असते आणि टोकाशी उरते ती लाल चंद्रकोर, नख काळजीपूर्वक कापले असेल तरच. म्हणजे उत्तर आधीच ठरलेले नाही. ते अगदी काठावरचे आहे. खेळाला रंगत येते ती त्यामुळे. शिवाय या सजावटीची नक्षी दर आठवड्याला आपोआप बदलते. आधी पूर्ण लाल, मग खाली पांढरा अर्धचंद्र, शेवटी वर लाल कोर. ती कोणी काढत नाही.

या रीतीचा सर्वांत स्पष्ट जुना लेखी पुरावा चीनमधला आहे. सुंग राजवटीचा अस्त आणि मंगोलांच्या युआन राजवटीचा उदय पाहिलेला झोऊ मी (१२३२-१२९८) हा लेखक आपल्या टिपणवहीत तेरड्याची कृतीच देतो. लाल फुलाच्या तेरड्याची पाने कुटावीत, थोडी तुरटी घालावी, नखे स्वच्छ धुऊन त्यांवर लेप द्यावा आणि कापडाच्या पट्टीने रात्रभर बांधून ठेवावे. तीन ते पाच वेळा केल्यास रंग धुऊनही जात नाही, नख वाढून झडेल तेव्हाच जातो. पाने घ्यावीत हे त्यालाही ठाऊक होते. मुसलमान स्त्रियांना हे फार आवडते, असेही तो नोंदवतो. आणि काही जण गंमत म्हणून मांजरांना व कुत्र्यांनाही रंगवतात, हे सांगायला विसरत नाही.

मुसलमान स्त्रियांचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. पश्चिम आशियातून चीनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांना मेंदीची सवय होती. मेंदी न उगवणाऱ्या थंड मुलुखात तेच काम करणारी वनस्पती त्यांना अंगणात मिळाली. सोळाव्या शतकात ली शिचनने आपल्या प्रचंड औषधिकोशात तेरड्याची जी नावे नोंदवली, त्यांत 'नखे रंगवण्याची वनस्पती' हे एक आहे आणि 'हैना' हे दुसरे. त्यात अरबी 'हिन्ना' सहज ऐकू येतो. त्याच कोशात तेरड्याच्या बियांना 'उतावळ्या स्वभावाची' म्हटले आहे, कारण पिकलेली शेंग बोट लागताच फुटते. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी लॅटिनमध्ये या कुळाला दिलेल्या नावाचा अर्थही 'अधीर' असाच आहे. तेरड्याच्या शेंगा फोडत बालपण घालवलेल्या कोणालाही हे पटेल.

कोरियात मात्र ही रीत एका दुःखद कथेशी जोडली गेली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील गोर्यो राज्य मंगोलांचे मांडलिक झाले आणि खंडणीत सोने, बहिरी ससाणे यांच्यासोबत तरुण मुलीही मागितल्या जाऊ लागल्या. सुमारे ८० वर्षे ही मागणी वेळोवेळी येत राहिली. यी गोक या कोरियन विद्वानाने इ. स. १३३५ च्या सुमारास युआन दरबारात ही प्रथा थांबवण्यासाठी अर्ज केला. मुलगी जन्मली की घरचे ती बातमी लपवतात, शेजाऱ्यांनाही तिचे तोंड दिसू देत नाहीत. दूत आला की शिपाई घरोघर झडती घेतात. निवडलेल्या मुलीला निरोप देताना काही जण विहिरीत उडी घेतात, असे त्याने त्यात लिहिले. राजनैतिक भाषेतील एखादा कागद इतका उघडा क्वचितच असतो.

आख्यायिका याच काळातली. गोर्योचा राजा चुंगसॉन हा कुब्लाई खानाच्या मुलीचा मुलगा; गादीवरून उतरवला गेल्यावर तो युआनच्या राजधानीत राहत होता. एके दिवशी त्याला दहाही बोटांना पट्ट्या बांधलेली एक मुलगी दिसली. विचारले तेव्हा कळले, की ती गोर्योहून आणलेली आहे आणि घरच्या आठवणीने तिने तेरड्याने नखे रंगवायला घेतली आहेत. पुढे गादी परत मिळाल्यावर राजाने तिला मायदेशी आणण्यासाठी माणसे धाडली, परंतु ती मरण पावली होती. तेव्हा त्याने राजवाड्याच्या आवारात तेरडा लावला. कथेचे निरनिराळे पाठ आहेत आणि त्यांतले काहीही इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. राजाची करुणा तर नंतरची भर वाटते. पण जिचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही अशी मुलगी लोकांनी ओळखायला ठेवली ती बांधलेल्या बोटांवरून, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एरवी नखे रंगवायला बसलेल्या कोणत्याही घरातल्या मुलीची बोटे तशीच दिसत.

नाव उरलेली एक स्त्री मात्र आहे. हॉ नानसॉलहॉन (१५६३-१५८९) ही चोसॉन राजवटीतील उच्चकुलीन घरातली मुलगी. तिचे भाऊ ज्या विद्येत वाढले, तीच तिलाही मिळाली, ही त्या काळी अपवादाची गोष्ट. लग्न सुखाचे झाले नाही, दोन्ही मुले दगावली, आणि वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. जाताना आपल्या कविता जाळाव्यात असे तिने सांगितल्याचे म्हणतात. तिच्या नावावरील अभिजात चिनी भाषेतील कवितांत एक तेरड्याने बोटे रंगवण्याविषयी आहे. संध्याकाळी फुले कुटणे, दिव्यापाशी पानात बोटे गुंडाळणे, पहाटे उठून आरशात ती लाली पाहणे, असा तिचा क्रम आहे. झोऊ मीने कृती लिहिली. इथे पहिल्यांदा ती सकाळ आतून दिसते. तिच्या काही कवितांवर जुन्या चिनी कवींच्या उसनवारीचा आरोप पुढे झाला आणि त्यावर वाद चालू राहिले. त्या काळी जुन्या ओळी वळवून घेणे ही पुरुष कवींचीही नित्याची रीत होती. हिशेब तिच्याकडूनच अधिक कसोशीने मागितला गेला.

तिचा धाकटा भाऊ हॉ ग्युन याने बहिणीच्या कविता जमवल्या. १६०६ मध्ये चीनहून आलेल्या राजदूताला त्याने त्या दिल्या, आणि तिचे नाव आधी चीनमध्ये गाजले. १७११ मध्ये जपानमध्येही तिचा संग्रह छापला गेला.

१८४९ च्या 'दोंगुक सेसिगी' या ग्रंथात कोरियातील बारा महिन्यांचे सण-रिवाज नोंदवलेले आहेत. त्यात चौथ्या चांद्रमासाखाली एक लहानसे वाक्य येते : मुली आणि लहान मुले तेरडा तुरटीत कालवून नखे रंगवतात. ग्रंथकार हाँग सॉकमो पुढच्या विषयाकडे वळतो. लाल रंगाने रोगराई आणि वाईट शक्ती दूर राहतात ही भावना यामागे होती. म्हणूनच लहान मुलग्यांची नखेही रंगत. सौंदर्य आणि संरक्षण यांत तेव्हाच्या घरांनी फरक केलेला दिसत नाही.

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. १९२० मध्ये हाँग नानपा या तरुण संगीतकाराने व्हायोलिनसाठी एक करुण धून रचली. पुढे किम ह्याँगजुन याने तिला शब्द दिले. विषय होता कुंपणाखाली उभा असलेला तेरडा. फूल कोमेजते, पण त्याचा प्राण उरतो, असा त्याचा आशय. गाण्यात देशाचे नाव कुठेही नाही. ऐकणाऱ्यांना ते लागलेही नाही. १९४२ मध्ये किम चॉनए या गायिकेने टोकियोत पांढऱ्या कोरियन पोशाखात ते गायले, आणि राजवटीच्या अखेरच्या वर्षांत या गाण्यावर बंदी आली. अंगणात मुलींनी नखांवर बांधायचे फूल सरकारला आक्षेपार्ह वाटू लागले होते.

संगीतकाराची गोष्ट इतकी सरळ नाही. १९३७ मध्ये हाँग नानपाला राष्ट्रवादी संघटनेशी संबंध असल्यावरून अटक झाली. सुटल्यानंतर त्याने जपानी युद्धप्रचाराची गाणी रचली. १९४१ मध्ये तो वारला. २००९ मध्ये कोरियात प्रसिद्ध झालेल्या जपानधार्जिण्यांच्या चरित्रकोशात त्याचेही नाव आहे. लोक गाणे गात राहिले. संगीतकाराचे काय करायचे हा वाद मिटलेला नाही.

जपानच्या बाजूलाही ही रीत होतीच. तेरड्याचे एक जुने जपानी नाव 'नखांची लाली' या अर्थाचे आहे. ओकिनावा बेटांवर तेरड्याने रंगणारी नखे आणि मनावर ठसणारी आईवडिलांची शिकवण यांची सांगड घालणारे लोकगीत आजही मुले शिकतात. राज्यकर्ते आणि मांडलिक यांच्या अंगणांत एकच फूल होते.

१९३२ मध्ये अमेरिकेत रेव्हलॉन कंपनीने अपारदर्शक रंगाचे नेलपॉलिश आणले आणि विसाव्या शतकाचे नख बदलले. त्याचा रंग थराचा. लावायला पाच मिनिटे, पुसायला दोन, आणि आठवड्याभरात टवके उडतात. आज दक्षिण कोरिया नखांच्या कलाकुसरीसाठी जगभर ओळखला जातो. तिथल्या दुकानांत तयार नक्षीचे स्टिकर मिळतात, दिव्याखाली कडक होणारे जेल मिळते. त्याच दुकानांच्या शेजारी, शालेय वस्तूंच्या दुकानात, वह्या आणि खोडरबरांमध्ये तेरड्याच्या पुडीची छोटी पाकिटे असतात. पाण्यात कालवायची, नखावर थापायची, थोड्या वेळाने धुवायची. रात्रभर बोटे बांधून झोपावे लागत नाही. त्या विकत घेणाऱ्या मुली हिवाळा जवळ आला, की एक-दोन नखे कापायचे टाळतात.