तांबे तांबे राहत नाही तेव्हा

वर्सोव्यातील घरांत तांब्याच्या तारा वर्षानुवर्षे वीज वाहतात आणि तांबेच राहतात. पण न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ही तार टिकेल का? हा प्रश्न अणुभट्टीबरोबरच जन्मला. वेगवान न्यूट्रॉन घन पदार्थातील अणू जागेवरून ढकलतील, हे यूजीन विग्नर यांनी १९४२ सालीच ओळखले होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तुर्भे येथे, ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि न्यूट्रॉनांचा मोठा स्रोत मुंबईतच आला.

तांब्याची वाहकता दोन कारणांनी घटते. जागा सोडलेले अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे होतात. मात्र धातू तापवला की बरेचसे अडथळे नाहीसे होतात. दुसरा बदल कायमचा. तांबे-६३ चा अणुगर्भ न्यूट्रॉन गिळून तांबे-६४ बनतो आणि १२.७ तासांच्या अर्धायुष्याने त्याचे निकेल किंवा जस्त होते. तापवून ते परत तांबे होत नाही.

फ्रान्समधील ‘ईटर’ या अणुसंमीलन प्रकल्पात भारत २००५ साली सामील झाला. शुद्ध तांबे मऊ, म्हणून तेथे उष्णता वाहून नेण्यासाठी क्रोमियम व झिर्कोनियम मिसळलेला तांब्याचा मिश्रधातू निवडला आहे. विजेचा चांगला वाहक उष्णतेचाही चांगला वाहक असतो, हे वीडमान व फ्रान्झ यांनी १८५३ साली दाखवले. म्हणजे वाहकता घटली की भिंत थंड ठेवणेही अवघड.

वर्गात ‘मूलद्रव्य बदलत नाही’ असे शिकवताना ‘रासायनिक क्रियेत’ हे शब्द आवर्जून जोडावेत.