मूठ का उघडली नाही? : भग्नचिकित्सेचा एक खानदेशी मागोवा

आमच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा, उजवा हात मी कधी सरळ पाहिला नाही. मनगट आत वळलेले, बोटे तळव्याकडे मिटलेली. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, ऐन वैशाखात, चिंचेवरून पडून त्यांचे कोपराजवळचे हाड मोडले. तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला. पोर रात्रभर ओरडत राहिले. पंधरा दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा हात असा झालेला होता. पुढे आयुष्यभर आबा डाव्या हाताने जेवले. कोणी विचारले तर म्हणत, "हाड जुडनं, पन मूठ काई उघडस नही." घरात मात्र समजूत होती की हाडच नीट बसले नव्हते. आबांचे म्हणणे बरोबर होते आणि घराचे चूक, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

निमित्त आईचे झाले. दोन वर्षांपूर्वी ती जळगावच्या घरी ओट्यावरून घसरली आणि मनगट मोडले. क्ष-किरण चित्र काढले, प्लास्टर झाले. त्याच संध्याकाळपासून शेजारीपाजारी यायला लागले. कोणी कुंपणावरची कांडवेल आणली, कोणी लाक्षादि गुग्गुळाची डबी. 'आयुर्वेदात यावर औषध आहे' हे सगळ्यांचे एकमत. मी काही वैद्य नाही. खानदेशच्या इतिहासाची जुनी पुस्तके चाळणे एवढाच माझा उद्योग. म्हणून ठरवले, आयुर्वेदात नेमके काय आहे ते ग्रंथातच पाहावे.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडावर दोन अध्याय आहेत. निदानस्थानाच्या पंधराव्यात लक्षणे आणि चिकित्सास्थानाच्या तिसऱ्यात उपचार. वाग्भटाने हाच विषय अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात घेतला, आणि गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भटा'मुळे तो मराठी वाचकाच्या हाती आला. सुश्रुताचे वर्गीकरण आजही चकित करते. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. त्यांत चुरा झालेले आहे, वाकलेले आहे, नुसते तडकलेले आहे, एका भागाचे टोक मज्जेत घुसलेलेही आहे. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्याआधी कितीतरी शतके हे सारे बोटांच्या स्पर्शाने आणि कानाने ओळखले जात होते.

मी औषध शोधायला बसलो होतो. पण अध्यायाचा मोठा भाग औषधाचा नाहीच, तो हातांच्या कामाचा आहे. खाली दबलेले हाड उचलावे, वर आलेले दाबावे, एकमेकांवर चढलेले ओढून जागेवर आणावे. मग लेप, त्यावर कापड, त्यावर झाडाच्या सालीची किंवा बांबूची पट्टी आणि शेवटी बंध. मांडी किंवा नडगी मोडली तर रोग्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी पाय जखडायचा. हाड वेडेवाकडे जुळले असेल तर पुन्हा मोडून नीट बसवण्याचीही सूचना आहे.

पट्टीसाठी सांगितलेली झाडे वाचताना मला आपला सातपुडा दिसू लागला. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, बांबू. एक साल वृक्ष सोडला तर बाकी सारी यावल, चोपडा, शिरपूरकडे डोंगराच्या अंगाने फिरताना भेटतात. म्हणजे आबांना बांधलेल्या कामट्या शास्त्राबाहेरच्या नव्हत्या. मग चुकले कुठे?

उत्तर त्याच अध्यायात सापडले. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार आवळला तर सूज, वेदना आणि पाक होतो, असे संहिता बजावते. बंध कधी सोडून पुन्हा बांधावा याचे वेळापत्रकही देते. थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. जळगाव-भुसावळच्या वैशाखात आबांचा हात पंधरा दिवस बांधून ठेवलेला होता.

आबांचा एक जुना फोटो मी एका अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवला. त्यांनी हाताकडे पाहताच नाव सांगितले : फोल्कमानचे आकुंचन. घट्ट बंधामुळे आणि आतल्या सुजेमुळे स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात, आखडतात आणि बोटे कायमची मिटतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. डॉक्टर पुढे म्हणाले, "हे नुकसान काही तासांत होतं. तिसऱ्या दिवशी सोडूनही कदाचित उशीरच झाला असता. पोर ओरडत होतं, तेव्हाच सोडायला हवं होतं." म्हणजे हाड बसले होते. हात गेला तो बांधण्याने.

बसवणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला हे कोणी वाचून दाखवले असेल? आपल्याकडे या विद्येची वाटणी झाली, ती दुखणे यातच आहे. पोथी राहिली संस्कृत जाणणाऱ्या वैद्याकडे, आणि त्याने हळूहळू शस्त्र आणि हाड दोन्ही सोडून काढा, गुटी आणि नाडी धरली. हाताचे काम उरले तालमीतल्या वस्तादाकडे, मेंढराचा पाय बांधणाऱ्या धनगराकडे, गावच्या हाड बसवणाऱ्याकडे. त्यांच्या बोटांत पिढ्यांचे ज्ञान होते, पण इशारे पोथीत अडकले. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये शेजारच्या नाशिकला अखिल भारतीय वैद्य संमेलनाचा पाया घातला. पुढे आयुर्वेदाची महाविद्यालये उभी राहिली. त्या जागृतीत पोथी वाचली, वस्ताद मात्र बाहेरच राहिला. तिकडे युरोपात डच लष्करी सर्जन मॅथायसेन याने १८५०च्या सुमारास प्लास्टरची पट्टी रूढ केली होती, आणि बांधण्याचे काम इस्पितळात गेले. आयुर्वेदाच्या वाट्याला, लोकांच्या मनात तरी, उरली ती डबी.

डबीतही काही नाही असे नाही. कांडवेलीला अस्थिशृंखला म्हणतात. तिचे चौकोनी, पेरापेरांचे कांडे पाहिले की नावाचे कारण कळते. बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग केले, आणि हाड लवकर जुळत असल्याचे नोंदवले. लाख, अर्जुन, अश्वगंधा, आभा गुग्गुळातली बाभूळ, या सगळ्यांमागे परंपरा आहे. पण माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. कच्च्या कांडवेलीने तोंडाला आणि घशाला खाज सुटते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर गुग्गुळ परस्पर घेणे धोक्याचे. आईला ती गोळी चालू होती. म्हणून डबी मी डॉक्टरांना दाखवली आणि त्यांच्या सांगण्यावरून बंद कपाटात ठेवली.

ग्रंथातून घेतले ते दुसरेच. चिकित्सेच्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे की कमी जेवणाऱ्याचे, पथ्य न पाळणाऱ्याचे हाड कष्टाने जुळते. आई चतकोर भाकरीवर उठणारी. तिला दूध, तूप, भात आणि वाटाण्याचे कढण सुरू केले. हे संहितेत आहे, आणि आहारतज्ज्ञांनीही त्यावर मान डोलावली. हाड जुळण्याचा काळ तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन, असेही तिथे लिहिले आहे. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. हात चालेना म्हणून आई रडवेली झाली तेव्हा हे वाचून दाखवले. "मंग मना अजून दीड महिना शे," ती म्हणाली आणि शांत झाली.

डॉक्टरांनी मूठ दाबायला रबरी चेंडू दिला होता. त्याच आठवड्यात मला संहितेतली ती जागा सापडली, जिच्यासाठी हा सारा खटाटोप सार्थकी लागला असे वाटते. तळहाताचे हाड जुळल्यावर रोग्याच्या हातात आधी मातीचा गोळा द्यावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. मऊ, मग कठीण, मग जड. आबांच्या मिटल्या मुठीत असे काही ठेवायला कोणी सांगितले नव्हते. ठेवले असते तरी तिथे पकडायला जिवंत स्नायू उरला नव्हता.

आईला मी चेंडूबरोबर कणकेचा गोळा दिला, मग सैंधवाचा खडा, मग वरवंटा. तिसरा महिना संपता संपता एका सकाळी स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज आला. कळण्याची भाकरी होती. एका बाजूने जरा जाड झालेली.