यान्हं वजन कितलं शे?

देवपुरात आमच्या मामांच्या घरी जिन्याखाली एक काळा डबा आहे. त्याच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवतात. पाहुण्यांना वाटतं जुनी पेटी असेल. पण त्याच्या तोंडाला जाळी आहे आणि जाळीमागे पंधरा इंची दोन स्पीकर आहेत. नव्वदच्या दशकात मामा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे, तेव्हाचा हा डबा. गावातल्याच सुताराने जाड प्लायवूडचा ठोकून दिलेला.

गेल्या दिवाळीत मी तो वजनकाट्यावर चढवला. बावन्न किलो भरला. हा डबा लग्नसराईत एसटीच्या टपावर चढायचा, टेम्पोत जायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्येही पोचायचा. चाळिशीत मामांच्या मणक्यात गॅप आली आणि बेस सुटला. गिटार चार किलोची. ती कुणाच्या मणक्यावर बसत नाही.

आता मामेबहिणीने बेस धरलाय. ती कॉलेजात आहे आणि तिच्या बँडमध्ये चार जणं आहेत. तिने मला सांगितलं, "भाऊ, तू इंजिनियर आहेस ना, मला एक डबा शोधून दे. दणका पाहिजे, पण मला एकटीला उचलता आला पाहिजे. दरवेळी 'कुणी पोरगा बोलवा' म्हणायचं नाहीये मला."

मी सॉफ्टवेअरवाला. लाकूड-चुंबकाशी माझा संबंध सेमिस्टर संपल्यावर तुटला होता. मी वॉटचे आकडे बघायला बसलो आणि थोड्याच वेळात लक्षात आलं, की या डब्याचा इतिहास सगळे वॉटमध्ये सांगतात. तो किलोमध्ये सांगितला तर गोष्ट वेगळीच निघते.

वाहून नेणाऱ्यांचा शोध

बेस गिटार जन्मालाच आली ती वजनाच्या तक्रारीतून. त्याआधी खालचे सूर वाजवायला माणसाहून उंच डबल बेस असायचा. तो गाडीत मावायचा नाही आणि ड्रमपुढे ऐकूही यायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. चार तारा, गिटारसारखा आडवा धरायचा, खांद्याला लटकवून न्यायचा. वाद्याचं ओझं सुटलं, पण ते नाहीसं झालं नाही. ते डब्यात गेलं. वर्षभरातच, १९५२ मध्ये, फेंडरला त्या वाद्यासाठी बेसमन नावाचा अँप्लिफायर काढावा लागला. त्यात पंधरा इंचाचा एक स्पीकर होता. पुढे तिथे दहा इंचाचे चार आले. हाच बेसमन समोर ठेवून लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये आपला पहिला अँप्लिफायर बनवला. म्हणजे रॉक गिटारचा प्रसिद्ध आवाज बेसच्या डब्यातून निघालाय.

दुसरं नाव अँपेगचं. एव्हरेट हल स्वतः डबल बेस वाजवायचा. बेस जमिनीवर ज्या खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीत त्याने मायक्रोफोन बसवला. खुंटीला इंग्रजीत पेग, म्हणून अँप्लिफाइड पेग, म्हणून अँपेग. १९६० मध्ये या कंपनीने बी-१५ पोर्टाफ्लेक्स काढला. काम झालं की अँप्लिफायर उलटा करून डब्याच्या पोटात ठेवायचा, खाली चाकं लावायची आणि ढकलत न्यायचं. हा डबा बनवणाऱ्याने वाहून नेणाऱ्याचा विचार केला होता. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन हाच वापरायचा.

मग मैदानं मोठी झाली. १९६९ मध्ये अँपेगने एसव्हीटी आणला. तीनशे वॉट आणि दहा इंचाचे आठ स्पीकर असलेला कपाटाएवढा डबा. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात त्याचे सुरुवातीचे नमुने वापरले. नुसता अँप्लिफायर ३५ किलोंच्या वर. आठ स्पीकरचा डबा आजही त्याच घाटात मिळतो, त्याचं वजन साधारण ६४ किलो. फोटोत बेसवाल्याच्या मागे तो फ्रिजसारखा उभा दिसतो. फोटोत न दिसणारी चार माणसं तो चढवतात आणि उतरवतात.

आपल्याकडे ज्यांना माणसं ठेवणं परवडायचं, त्यांचं भागलं. मुंबईत आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवायचे, पण ते स्टुडिओत. धुळे-जळगावच्या ऑर्केस्ट्रावाल्याला तोच सूर मांडवात वाजवून दाखवायचा होता. पब्लिकने कॅसेटमधला बेस ऐकलेला असायचा.

तीनपैकी दोन

डबा हलका करायचा तर लहान करा, एवढं सोपं का नाही? याचं उत्तर जोसेफ अँटन हॉफमन या माणसाच्या नावाने ओळखलं जातं. तो प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा. १९५७ मध्ये सुरू झालेल्या केएलएच या स्पीकर कंपनीतला 'एच' म्हणजे हाच. त्याच्या नियमाला पोलादी नियम म्हणतात. स्पीकरच्या डब्यात तीन गोष्टी हव्या असतात: लहान आकार, खोल बेस, आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज. यातल्या दोन घ्या. तिसरी मिळणार नाही.

हा नियम समजायला धुळ्याबाहेर जावं लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरोघरी कानबाई बसते आणि सोमवारी तिची मिरवणूक निघते. पुण्या-सुरतेला गेलेला खान्देशी माणूस दिवाळीला नाही आला तरी रोटांना येतो. त्या दिवशी रस्त्यावर उभं राहायचं.

पहिला येतो भोंगा. बॅटरीवरच्या थोड्याशा वॉटमध्ये तो गल्ली हादरवतो, आकाराने लहान, एका हाताने उचलता येतो. पण त्यात बेस अजिबात नाही. बँडच्या बेंजोला तो चालतो, कारण बेंजोचे सूर वरचे. (हा आपला बेंजो म्हणजे जपानी तैशोगोतोचा वंशज. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये ते वाद्य बनवलं, इथे ते बुलबुल तरंग झालं, आणि पिकअप लावल्यावर मिरवणुकीचा राजा.) दुसरी येते डीजेची भिंत. खोल बेस आहे, प्रचंड आवाज आहे, पण तिला ट्रक लागतो. तिसरा डबा घरात, टीव्हीखाली. सबवूफर लहान आहे आणि खालपर्यंत जातो, पण हॉलच्या बाहेर त्याला कुणी विचारत नाही. एकाच गल्लीत हॉफमनचे तिन्ही पर्याय.

मामांचा सुतार दुसऱ्या पर्यायाचा माणूस होता. मोठा डबा, मोठे स्पीकर. त्याच्याकडे गणित नव्हतं, पण गणित होतं मात्र. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ते मांडलं, आणि सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्ण केलं. स्पीकरचे काही ठरावीक आकडे मोजा, आणि डबा किती लिटरचा हवा, भोक किती मोठं हवं, हे कागदावरच कळतं. आज तेच सूत्र फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. मी संध्याकाळभर त्यात डबे बनवून मोडले. फर्निचर न फोडता सुतारकाम करण्याची मजा वेगळीच.

खोल वेगळं, दणका वेगळा

इथे मला माझी चूक कळली. मी समजत होतो, चांगला बेस डबा म्हणजे सगळ्यात खाली जाणारा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. त्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटर, म्हणजे मामांचं अख्खं घर. तेवढी हवा हलवायला स्पीकरच्या पडद्याला खूप मागे-पुढे व्हावं लागतं. सूर एक सप्तक खाली गेला, तर तेवढ्याच आवाजासाठी पडद्याची झेप चौपट लागते.

पण तो ६४ किलोंचा सुप्रसिद्ध डबा ५८ हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो. म्हणजे ज्या डब्याच्या दणक्याची जग आठवण काढतं, तो सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर पूर्ण जोराने देतच नाही. छातीवर जो ठोका बसतो तो साधारण ८० ते २०० हर्ट्झमधला. मूळ सूर कमी पडला तरी वरच्या पटींवरून आपला कान तो जुळवून घेतो.

म्हणजे बेसवाल्याने हॉफमनशी सौदा असा करायचा: तळाचं अर्धं सप्तक सोड, आकार आणि ठोका घे. डीजेच्या भिंतीशी स्पर्धा करायची नाही. तसंही ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठेवली आहे आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकरला मनाई. आपल्याला गाव हादरवायचं नाहीये. ड्रमवाल्याच्या शेजारी उभं राहून सूर स्पष्ट ऐकू यायला हवा, एवढंच.

वजन गेलं कुठे?

वजन तीन ठिकाणी असतं: चुंबक, लाकूड, अँप्लिफायर.

चुंबकाचा इतिहास खाणींचा आहे. जुने स्पीकर अल्निकोचे, आणि अल्निकोत कोबाल्ट लागतं. १९७८ मध्ये झैरेच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले, आणि स्पीकरवाले स्वस्त पण जड फेराइटकडे गेले. मामांच्या डब्यात तेच आहेत, भाकरीच्या चळतीएवढे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे निओडिमियमचा चुंबक शोधला. फेराइटच्या सुमारे दहापट ताकद. बारा इंची स्पीकर सात-आठ किलोंवरून तीन-चारवर आला. २०१० मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांची निर्यात आवळली आणि पुढच्या वर्षी भाव असे चढले, की काही कंपन्या पुन्हा फेराइटकडे वळल्या. देवपुरातल्या मुलीच्या पाठीवर किती किलो येणार, हे काँगो आणि चीनमधल्या खाणी ठरवतात.

लाकडाचा हिशेब मी वहीत केला. ६० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटरचा डबा घ्या. सहा बाजू मिळून १.३८ चौरस मीटर. १८ मिलिमीटर एमडीएफ वापरलं तर लाकूडच साडेअठरा किलो. १२ मिलिमीटर पॉप्लर प्लाय वापरलं तर साडेसात. मग सगळे तेच का करत नाहीत? कारण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. १८ ची १२ केली, तर ताठपणा तीस टक्क्यांवर येतो. फळी स्वतःच वाजायला लागते, आणि ठोक्यातला जोर तिच्यात जिरतो. उपाय म्हणजे आतून आडव्या-उभ्या पट्ट्या. किलोभर पट्ट्या दहा किलो लाकडाचं काम करतात. म्हणून हलका डबा घेताना बोटाने टकटक करून बघायचा. ढब् आवाज आला तर आत पट्ट्या नाहीत.

अँप्लिफायरचं वजन क्लास डीने आणि स्विचिंग पॉवर सप्लायने खाल्लं. जड ट्रान्सफॉर्मर गेला, आणि पाचशे वॉट आता दोन-तीन किलोंत बसतात.

वॉटवर मात्र भाळायचं नाही. डब्यावर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सहन करतो, किती वाजतो ते नव्हे. बघायची ती सेन्सिटिव्हिटी. ९७ डेसिबलचा डबा २५० वॉटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ९१ च्या डब्याला हजार वॉट लागतात. आणि हाय-पास फिल्टर लावून तळाचे निरुपयोगी सूर कापले, की लहान स्पीकरची दमछाक वाचते. डबा भिंतीला चिकटवून ठेवला तर खालचे सूर फुकटात वाढतात.

शेवटी आम्ही बारा इंची एक निओडिमियम स्पीकरवाला सेकंडहँड डबा घेतला. साडेतेरा किलो. तो धुळ्यात आला त्या दिवशी बहिणीने तो एका हातात धरून जिना चढला. मामा खुर्चीत बसून बघत होते. कंपनी कुठली, वॉट किती, काही विचारलं नाही. म्हणाले, "यान्हं वजन कितलं शे?"

तिने सांगितलं. मामांनी तिच्याकडून गिटार मागून घेतली, जाड तार मोकळी छेडली, मग वरचे दोन-तीन सूर वाजवले. "खाली थोडं कमी शे," म्हणाले. थांबले. "पण चालई."

मग त्यांनी गिटार परत दिली नाही. तासभर वाजवत बसले. जिन्याखालच्या डब्यावरचे कपडे तसेच होते.